अलल्डुर्र ते दशावतार

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईकडे गेलेली मुले त्या दिवसांत हटकून घरी येतात, पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागे हिंडतात, आणि एखाद्या संध्याकाळी आठवण ठेवून जुन्या शिक्षकांकडेही डोकावतात. गेल्या गड्ड्यात असाच एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. शहराच्या पूर्व भागातला, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला, आता पुण्यात एका कारखान्यात नोकरीस असलेला. चहा झाला, चौकश्या झाल्या. मग खिशातून मोबाईल आणि पिशवीतून डोक्यावर चढवायचा हेडफोन काढून तो म्हणाला, "सर, पुराणातल्या गोष्टी मी तुमच्याकडून ऐकल्या. आता एक तुम्ही माझ्याकडून ऐका."

पहिली दोन मिनिटे मी कशीबशी काढली. ढोल वाजत होते की चार मागांचे धोटे एकदम आपटत होते, हे कळेना. त्या गदारोळात एक मानवी आवाज उमटला. तो गाण्याचा नव्हता, बोलण्याचा नव्हता आणि रागावण्याचाही नव्हता. रिकाम्या विहिरीच्या तळाशी बसून कोणी एकसारखे गुरगुरत असावे, तसा तो होता. मी हेडफोन उतरवला आणि, वयाचा मान म्हणा की व्यवसायाची खोड म्हणा, निकाल देऊन टाकला, "अरे, हे संगीत नव्हे. ही व्याधी आहे."

तो हसला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "सर, निदान गाण्यांची नावे तरी वाचा."

मी नावे वाचली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. ध्वनिमुद्रिकेचे नाव 'दशावतार'.

जाताना ती सारी गाणी तो माझ्या मोबाईलमध्ये ठेवून गेला. ऐकणे भाग होते असे नाही. पण विद्यार्थ्याने दिलेली वही न वाचता परत करणे मला आजवर जमलेले नाही. त्या ऐकण्यातून जे सुचले, ते येथे मांडतो. मी या संगीताचा भोक्ता नाही, आजही नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम या मंडळींची ओळख. 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा वाद्यवृंद २००० साली मुंबईत उभा राहिला. त्याचा म्होरक्या साहिल मखिजा. तो गातो आणि गिटारही वाजवतो. रंगमंचावर त्याने 'डेमनस्टीलर' हे नाव घेतले आहे, म्हणजे दैत्य पळवणारा. वृंदाच्या नावाचा अर्थ दैत्याचे पुनरुत्थान. इंग्रजीतली पाच-सहा विशेषणे एकत्र बांधून जाणकार यांच्या संगीताचे वर्णन करतात. त्यांतली 'डेथ मेटल' आणि 'प्रोग्रेसिव्ह' ही दोन आपल्याला पुरेत. २०१० साली 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाच्या 'गोल्डन गॉड्स' पुरस्कारांत जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार या मुंबईकरांना मिळाला. 'दशावतार' २०१७ साली आली. हा गर्जना करणारा गृहस्थ 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रमही चालवतो. हे कळल्यावर माझी भीती निम्मी कमी झाली, हे कबूल करतो. जो माणूस लोकांना अंड्याचे पदार्थ प्रेमाने शिकवतो, तो मुळात दुष्ट असणार नाही.

या संगीताचा उगम शोधू गेले की आपण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात पोचतो. तेथे टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. गिटार तर सुटेना. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, आणि पुढे बोटांना ताण पडू नये म्हणून तारा सैल केल्या. सैल तारेचा स्वर खाली उतरतो, जड होतो. 'ब्लॅक सॅबथ' या त्याच्या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली, आणि तेथून 'हेवी मेटल' नावाची वाट सुरू झाली असे मानतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लॉरिडा प्रांतातल्या पोरांनी ती आणखी पुढे नेली. त्यांच्यातल्या एका वृंदाचे नावच 'डेथ'. त्याचा नायक चक शुल्डिनर. १९८७ साली त्यांची पहिली मुद्रिका निघाली तेव्हा तिच्यात नुसता मारधाडीचा आवेश होता. पण १९९१ च्या 'ह्यूमन' पर्यंत त्याच माणसाची रचना गुंतागुंतीची, ताल मोडून पुन्हा बांधणारी झाली होती. १९९३ साली 'सिनिक' या दुसऱ्या फ्लॉरिडी वृंदाच्या 'फोकस' मध्ये तर जॅझची नजाकत शिरली. प्रोग्रेसिव्ह म्हणतात ते यालाच. तेथे पुरोगामी विचारांचा संबंध नाही. एका गाण्यात चार वेळा ताल बदलणे, चाल सरळ न नेता वळणे घेत नेणे, एवढाच त्याचा मतलब.

आयोमीची हकीकत वाचली आणि मला आमची जुनी गिरणी आठवली. १८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या वाढल्या, भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले, आणि १९६३ मध्ये ती जुनी गिरणी बंद पडली. गिरण्या गेल्या तरी यंत्रमागांनी तो आवाज घराघरांत जिवंत ठेवला. ज्या पोराने पाळण्यात असताना मागाचा ठेका ऐकला, त्याला दोन्ही पायांनी दुहेरी वाजवलेला तो मोठा ढोल कर्कश वाटत नाही, उलट घरच्यासारखा वाटतो, यात नवल कसले? व्याधी म्हणून मी ज्याला हिणवले, तो त्याच्या अंगाईचाच ठेका होता.

आता त्या गुरगुरण्याविषयी. मला वाटले होते, हा माणूस घसा फाडून घेतो आहे. दोन वर्षांत मुका होईल. तसे नाही. आपल्या कंठात खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना-गाताना ती स्वस्थ पडून असते. पोटातून श्वासाचा दाब देऊन त्या घड्यांना कंप दिला की हा खोल, खरखरीत आवाज निघतो. मंगोलियाला लागून असलेल्या तुवा प्रांतातले गायक 'कारगीरा' नावाच्या पारंपरिक गायकीत हाच मार्ग वापरतात. म्हणजे ही तालीम आहे, शिस्त आहे. आमच्या शाळेच्या पटांगणावर ओरडून ओरडून माझा घसा दर सोमवारी बसतो, तो अशिक्षित ओरडण्याने.

एवढे समजल्यावर व्याधीचा आरोप मी मागे घेतला. पण दुसरा आरोप तयार होता, आणि तो अधिक गंभीर होता. शब्द कळत नाहीत. गीते इंग्रजीत आहेत ही एक अडचण. पण इंग्रजी चांगले जाणणाराही छापील गीत समोर घेतल्याखेरीज त्या गुरगुरीतून शब्द वेचू शकणार नाही. कथा सांगायला बसलेल्या माणसाचे शब्दच ऐकू येऊ नयेत, हे आमच्या परंपरेत बसत नाही.

आणि ही परंपरा मी सोलापूरकर म्हणून सांगतो. पेशवाईच्या उतरत्या काळातला आमचा शाहीर रामजोशी याच गावचा. वेदशास्त्राच्या घरात जन्मला आणि तमाशाच्या ढोलकीच्या नादी लागला. थोरला भाऊ मुद्गल जोशी हा नावाजलेला पुराणिक. त्याने धाकट्याला घराबाहेर काढले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४७ सालच्या 'लोकशाहीर रामजोशी' या बोलपटाने ती घरोघर पोचवली. तो डफ-ढोलकीचा नाद मुद्गल जोशींच्या कानांना कसा लागला असेल? मला तो गुरगुराट लागला तसाच, यात शंका नाही. आज मुद्गलशास्त्र्यांची पुराणे कोणाला आठवत नाहीत आणि रामजोशाची लावणी अभ्यासक्रमात असते. त्यामुळे नव्या नादाला नाक मुरडताना सोलापूरच्या माणसाने तरी एकदा मागे वळून पाहावे. तथापि एक फरक उरतोच. रामजोशाची ढोलकी कितीही कडाडली तरी शब्द तिच्या डोक्यावर बसलेला असे. संस्कृतप्रचुर यमके श्रोत्याच्या कानात नेमकी पडत. पुढे तो कीर्तनकार झाला, तेव्हा हेच शब्दभांडार त्याच्या उपयोगी पडले.

येथवर माझा विचार आला, आणि एके रात्री एक विसरलेला शब्द आठवून मी अंथरुणावर उठून बसलो. तो शब्द 'अलल्डुर्र'.

आजच्या वाचकाला हा शब्द सांगावा लागेल. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ पासून मोजतो. त्या वर्षी सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीस खेळ करून गेली होती. तसे, पण अधिक नेटके, असे काही मराठीत व्हावे, ही राजेसाहेबांची इच्छा. भाव्यांच्या नाटकाची रीत ठरलेली असे. झांजमृदंगावर मंगलाचरण, मग विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती. त्यानंतर कथा. देव येत, ऋषी येत, आणि मग तो येई, ज्याची पोरेसोरे भीत भीत वाट पाहत. राक्षस. तोंडाला रंग, हातात शस्त्र, पेटत्या हिलालावर राळ टाकून उडवलेला आगीचा लोळ, आणि त्या लोळातून 'अलल्डुर्र' अशी आरोळी. या आरोळीला अर्थ नव्हता. ती कोणत्याही भाषेतली नव्हती. पण तिने प्रेक्षकांच्या मनाची अशी पकड घेतली की पुढे या धर्तीच्या साऱ्या पौराणिक नाटकांना लोक 'अलल्डुर्रची नाटके' म्हणू लागले.

आता जरा थांबून पाहावे. निरर्थक, घशातून काढलेली आरोळी. आगीचे लोळ. रंगवलेली तोंडे. देवदैत्यांची लढाई. विद्यार्थ्याने मला त्याच्या मोबाईलवर परदेशातल्या मेटल जलशांची चित्रेही दाखवली होती. रंगमंचावरून ज्वाळा उठत होत्या आणि खाली हजारो पोरे दोन्ही हात वर करून आरोळ्या ठोकत होती. राळेऐवजी गॅस होता, एवढाच फरक.

मग आपला राक्षस गेला कोठे? त्याला आपण घालवला. इंग्रजी शाळा-कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांना या नाटकांची लाज वाटू लागली. त्यांना शेक्सपिअर ठाऊक झाला होता, कालिदास नव्याने भेटला होता. १८६१ साली वि. ज. कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' छापून निघाले. लिहिलेली, घोटलेली भाषणे आली, उत्स्फूर्त बोलणे मागे पडले. आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. योगायोग असा की अण्णासाहेबांचा जन्म १८४३ चाच. भाव्यांच्या नाटकाच्या वर्षी जन्मलेल्या माणसानेच त्या नाटकांची सद्दी संपवली. त्यानंतरचे पाऊणशे वर्षांचे मराठी नाट्यसंगीत म्हणजे गोड गळ्याचे राज्य. बालगंधर्वांच्या काळात तर रंगभूमी आणि माधुर्य हे शब्द समानार्थीच झाले. मी स्वतः त्या माधुर्यावर पोसलेला आहे. त्याला उणा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. परंतु हिशेब हिशेबाच्या जागी. गोडवा आला तेव्हा गर्जना गेली, आणि ती गेल्याचे कोणी दुःख केले नाही. ती तळकोकणात उरली. तेथल्या जत्रांतल्या दशावतारी खेळात अजूनही आरंभी काळ्या वेषातला संकासुर येतो, भटजीची मालवणीत फिरकी घेतो, आणि वेद चोरल्याच्या अपराधासाठी विष्णूच्या हातून मरतो. तेथे अवतारांच्या आधी दैत्य येतो, कारण दैत्याशिवाय अवताराला काही कामच नाही.

मोठे कान चुकू शकतात, याचे आणखी एक उदाहरण त्याच दशावतारी खेळात पाय हलवत बसलेले असते. ते म्हणजे पायपेटी. ज्या हार्मोनियमवाचून आपले नाटक, भजन, कीर्तन आणि शाळेची प्रार्थनाही उभी राहत नाही, तिला १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली. ती परदेशी आहे, तिला मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, ही कारणे. ती कारणे खोटी नव्हती. विद्वान माणसांनी विचारपूर्वक दिलेली होती. तरी १९७१ पर्यंत चाललेल्या त्या बंदीकडे आज कोणी अभिमानाने पाहत नाही. एखाद्या वाद्याचा दोष खरा असतो आणि तरीही ते वाद्य आपले होते, ही गोष्ट फक्त काळालाच कळते असे दिसते.

हे सारे मनात घोळवून मी 'दशावतार' पुन्हा ऐकली. या वेळी नरसिंहापासून सुरुवात केली. आणि येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की माझ्या अंगावर काटा आला. वेरूळच्या पंधराव्या लेण्याला दशावतार लेणेच म्हणतात. तेथे हिरण्यकशिपूवर चालून आलेला नरसिंह कोरलेला आहे. ते शिल्प पाहताना मला नेहमी वाटे, की हा दगड आता गर्जेल. तो कधी गर्जला नाही. नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूरला मी कीर्तने ऐकली; कीर्तनकार खांब दुभंगण्याचा प्रसंग रंगवून सांगत, पण गर्जनेपाशी आले की तेही वर्णनाचाच आधार घेत. अर्धा माणूस आणि अर्धा सिंह असलेल्या कंठातून जो आवाज निघेल, तो ना माणसाचा असणार ना सिंहाचा. तो आवाज मी प्रथमच ऐकला. तो आमच्या यमनात, भैरवीत सापडणारा नव्हता.

पण पुढे वामन आला, आणि तोही गुरगुरला. बटू वामन! तीन पावले भूमी मागायला हात पसरून आलेला मुलगा! राम गुरगुरला. कृष्णाच्या गोष्टीतही तो आवाज होताच. मधूनमधून स्वच्छ गळ्याचे गाणे येते, आपल्याकडच्या वाद्यांचे रंगही येतात, नाही असे नाही. परंतु कोणत्या कथेत कोणता आवाज लागावा याचा निवाडा कथेने केलेला मला दिसला नाही. तो चालीने केला होता. भाव्यांच्या नाटकात राक्षसाची आरोळी राक्षसाजवळच राही, म्हणून तिचा धाक होता. सगळेच गर्जू लागले तर नरसिंहाने वेगळे काय करावे?

सर्वांत अडखळलो तो नवव्या गाण्याशी. बुद्ध. दशावतारांतली ही जागा इतिहासात सदैव वादाची राहिली आहे. बाराव्या शतकातल्या जयदेवाने 'गीतगोविंदा'च्या आरंभी दहा अवतारांची स्तुती केली, तिच्यात आठवा बलराम आहे आणि नववा बुद्ध. पशुबळीची निंदा करणारा, करुणेचा. महाराष्ट्रातल्या काही जुन्या पंचांगांच्या मुखपृष्ठावर मात्र नवव्या चौकटीत विठ्ठल उभा दिसतो. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपूरचा विठ्ठल, हातात शस्त्र नसलेला, मौन धरून उभा. आणि १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, अशा अर्थाची आहे. माझ्या वर्गात या तिन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. म्हणून ही यादी फळ्यावर लिहिताना नवव्या ओळीशी माझा खडू दर वर्षी थबकतो. 'दशावतार' काढणारे थबकले असतील का, मला ठाऊक नाही. पण बुद्धाच्या नावाखाली ती गर्जना ऐकताना मला वाटले, की येथे तरी दोन क्षण नुसती शांतता हवी होती. आवाज मोठा करण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ आहे, त्याच्याच शांततेला किंमत असते.

चैत्रात विद्यार्थी पुन्हा घरी आला, तेव्हा मी हे सारे त्याच्यापुढे मांडले. वहीत टिपणे काढून ठेवली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, वामन गुरगुरत नाही. गोष्ट सांगणारा गुरगुरतो. आवाज त्याचा आहे."

मी निरुत्तर झालो, कारण भाव्यांची नाटके मीच नुकतीच त्याला समजावून दिली होती. त्या नाटकांत पात्रे गात नसत. रामाचे पद असो की रावणाचे, सीतेचा विलाप असो की परशुरामाचा संताप, सारी पदे सूत्रधारच म्हणे. पात्रे त्याच्या मागोमाग आपल्या तोंडचे गद्य बोलत. एका गळ्यातून सारी कथा गाण्याची रीत आपल्याकडे परकी मुळीच नाही. आयुष्यभर शिकवलेल्या गोष्टीचा अर्थ एखादा विद्यार्थीच आपल्याला सांगतो, आणि आपण चष्मा पुसत बसतो.

मग तो जरा घुटमळून म्हणाला, "सर, तुम्हाला आठवतंय? सातवीला असताना गॅदरिंगमध्ये मी नरसिंह होतो."

मला आठवत नव्हते. त्याने आठवण करून दिली. पुठ्ठ्याचा खांब होता, सुतळीची आयाळ होती. रंगीत तालमीत हा खांबातून बाहेर आला तो असा ओरडला की पुढे बसलेली पहिलीची दोन मुले रडू लागली. आणि मी पुढे होऊन त्याला म्हणालो होतो, "आवाज कमी कर. शोभत नाही." प्रयोगाच्या दिवशी त्याने तोंड उघडून नुसते हातवारे केले. टाळ्या पडल्या. मीही पाठ थोपटली म्हणे.

त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नाही, हसत सांगितले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. किर्लोस्करांच्या पिढीने राक्षसाला रंगभूमीवरून घालवले, हे मी मोठ्या इतिहासकाराच्या थाटात वहीत लिहिले होते. आणि आमच्या शाळेच्या मांडवात तेच काम मी स्वतः केले होते, तेही नरसिंहाच्या बाबतीत. मग हा मुलगा ती गर्जना बर्मिंगहॅम आणि फ्लॉरिडाच्या वाटेने शोधत गेला, आणि मुंबईच्या कोणी मखिजाने त्याला ती परत दिली, तर दोष कोणाचा?

मात्र म्हणून मी माझा शब्दांचा आग्रह सोडणार नाही. सूत्रधाराचा गळा एकच असला तरी त्याचे पद शेवटच्या रांगेत बसलेल्या, अक्षरशत्रू माणसाला कळत होते. 'दशावतार' ऐकणाऱ्याला छापील गीत हाती घ्यावे लागते. कथा नव्या पिढीपर्यंत नेण्याची हौस चांगली. पण तो मत्स्य वेद वाचवायला धावला, आणि वेद म्हणजे अखेर शब्दच होत. मत्स्याच्या गाण्यात शब्दच बुडावे, हे मला आजही रुचत नाही. विद्यार्थ्याला हे म्हटले तेव्हा तो म्हणाला, "सर, हा मुद्दा बरोबर आहे." एवढे तरी मी मिळवले.

ती ध्वनिमुद्रिका अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. सगळी ऐकवत नाही. नरसिंह मात्र अधूनमधून ऐकतो, घरात कोणी नसताना. या वर्षीच्या संमेलनात प्रल्हादाची कथा पुन्हा बसवायला घेतली आहे. नरसिंहाच्या कामाला पाचवीतला एक किरकोळ अंगाचा मुलगा निवडला आहे, कारण त्याचा आवाज अंगापेक्षा बराच मोठा आहे. परवा तालमीत तो खांबातून बाहेर आला आणि घाबरत माझ्याकडे पाहू लागला, किती ओरडू म्हणून. मी त्याला सांगितले, "हवे तेवढे ओरड. पण आरोळी संपल्यावर जे वाक्य आहे ना, ते मला शेवटच्या रांगेत ऐकू आले पाहिजे."

पहिलीच्या मुलांना जरा मागे बसवण्याचे ठरवले आहे.